निवाडा आणि अंमल : ऑस्ट्रेलियातील औद्योगिक लवादसंस्थेचा एक विचार

मालक आणि कामगार ह्यांच्या परस्परसंबंधांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा अधिनियमांच्या अंगाने होतो. कोणता कायदा केव्हा संमत झाला, त्याच्या कोणत्या कलमात केव्हा दुरुस्ती झाली, न्यायालयांनी त्याचा कोणता अर्थ लावला, एवढे सांगितले म्हणजे विषय संपला असे मानण्याची पद्धत पडून गेली आहे. परंतु अशा संस्थेपुढे प्रथमपासून दोन निरनिराळी कामे उभी असतात. वेतन किती असावे, कामाचे तास किती असावेत हे ठरविणे हे एक. आणि जे ठरले ते कामगाराच्या हाती प्रत्यक्ष पडते की नाही हे पाहणे, व न पडल्यास ते वसूल करणे हे दुसरे. पहिल्यास निवाडा म्हणावे, दुसऱ्यास अंमल. ही दोन कामे एकाच हाताने व्हावीत की दोन हातांनी, आणि अंमलाचा दंड शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न ज्या देशाच्या इतिहासात सर्वांत उघडपणे दिसतो तो देश ऑस्ट्रेलिया होय. तेथे औद्योगिक तंट्यांच्या लवादाची तरतूद खुद्द राज्यघटनेतच झाली, आणि त्या तरतुदीच्या आधारे उभी राहिलेली संस्था नावे व रूपे पालटीत शंभराहून अधिक वर्षे टिकली. प्रस्तुत निबंधात त्या संस्थेचा संपूर्ण इतिहास देण्याचा हेतू नाही. वर सांगितलेल्या प्रश्नापुरताच तिचा माग येथे घ्यावयाचा आहे.

ह्या व्यवस्थेचे मूळ १८९० नंतरच्या मोठ्या संपांत आहे. १८९० चा जहाजी व गोदी कामगारांचा संप, १८९१ व १८९४ चे लोकर कातरणाऱ्यांचे संप आणि १८९२ चा ब्रोकन हिल येथील खाणकामगारांचा संप, हे सर्व कामगारांच्या पराभवाने संपले. मालकांची घोषणा 'कराराचे स्वातंत्र्य' ही होती. संघटनेशी बोलणी करण्याचे बंधन आपल्यावर नाही, प्रत्येक कामगाराशी आपण स्वतंत्र करार करू, असा त्या घोषणेचा व्यवहारातील अर्थ होता. क्वीन्सलँडमध्ये संपाच्या पुढाऱ्यांवर कटाचे खटले भरण्यात आले व त्यांस तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. ह्या पराभवातून कामगारांनी दोन धडे घेतले. एक, विधिमंडळात स्वतःचे प्रतिनिधी पाठविले पाहिजेत. आणि दुसरा, मालकास बोलणी करण्यास भाग पाडील अशी सत्ता राज्यानेच निर्माण केली पाहिजे. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये विल्यम पेंबर रीव्ह्ज ह्यांनी १८९४ साली सक्तीच्या लवादाचा कायदा करून दाखविला होता, ते उदाहरणही डोळ्यांसमोर होते.

वसाहतींचे संघराज्य बनविण्यासाठी भरलेल्या घटनापरिषदेत हेन्री बूर्न्स हिगिन्स ह्या मेलबर्नच्या वकिलाने लवादविषयक सत्ता केंद्राकडे द्यावी अशी सूचना मांडली. १८९७ साली अॅडलेड येथे ती फेटाळली गेली. १८९८ च्या आरंभी मेलबर्नच्या बैठकीत ती केवळ तीन मतांच्या फरकाने संमत झाली. राज्यघटनेच्या ५१ व्या कलमाचे ३५ वे उपकलम ते हेच. त्यातील शब्दयोजना मोजकी व सावध आहे : एखाद्या राज्याच्या सीमेपलीकडे पसरलेल्या औद्योगिक तंट्यांचे निवारण व निराकरण करण्यासाठी समेट व लवाद. म्हणजे संसदेला वेतन ठरविण्याचा थेट अधिकार नव्हता; तंटा असला पाहिजे, तो एकाहून अधिक राज्यांत पसरलेला असला पाहिजे, आणि त्याचा निर्णय समेटाने वा लवादानेच झाला पाहिजे. ह्या सावधपणाचा परिणाम पुढे मोठा गमतीचा झाला. संघटना आपल्या मागण्यांची लांबलचक यादी अनेक राज्यांतील मालकांकडे टपालाने पाठवीत, मालक ती नाकारीत किंवा उत्तरच देत नसत, आणि एवढ्यावर कायद्याच्या दृष्टीने आंतरराज्यीय तंटा उत्पन्न होई. प्रत्यक्षात कोणी हातातले काम सोडलेले नसे. अशा 'कागदी तंट्यां'च्या पायावर एका खंडप्राय देशाची वेतनव्यवस्था उभी राहिली, ही गोष्ट घटनाशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुर्लक्षू नये.

कायदा होण्यापूर्वीच त्याने सरकारे पाडावयास सुरुवात केली. १९०३ साली चार्ल्स किंग्स्टन ह्यांनी परदेशी जहाजांवरील खलाशांना कायद्याचे संरक्षण मिळत नाही म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९०४ च्या एप्रिलमध्ये डीकिन ह्यांचे मंत्रिमंडळ राज्यांच्या रेल्वे-नोकरांच्या प्रश्नावरून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटसन ह्यांचे मजूर मंत्रिमंडळ संघटित कामगारांना अग्रक्रम द्यावा की नाही ह्या प्रश्नावरून गेले. अखेर रीड ह्यांच्या कारकीर्दीत डिसेंबर १९०४ मध्ये समेट व लवाद अधिनियम संमत झाला, व त्यान्वये 'कॉमनवेल्थ समेट व लवाद न्यायालय' स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती ओकॉनर. १९०७ साली त्यांच्या जागी स्वतः हिगिन्स आले आणि १९२१ पर्यंत राहिले. ज्याने घटनेत कलम घातले त्यानेच त्या कलमाखालील न्यायपीठावर बसावे, असा योग राज्यघटनांच्या इतिहासात क्वचितच येतो.

हिगिन्स ह्यांच्या नावाशी निगडित झालेला हार्वेस्टर निवाडा ८ नोव्हेंबर १९०७ चा आहे. मेलबर्नजवळ सनशाइन येथे ह्यू व्हिक्टर मॅके ह्यांचा कापणीयंत्रे बनविण्याचा कारखाना होता. १९०६ च्या एका करविषयक कायद्यान्वये, कामगारांना 'रास्त व वाजवी' वेतन देणाऱ्या कारखानदारास अबकारी करातून सूट मिळावयाची होती. मॅके ह्यांनी सूट मागितली. रास्त म्हणजे काय, ह्याची व्याख्या कायद्यात नव्हती. हिगिन्स ह्यांनी ती बाजारभावात शोधण्याचे नाकारले. ज्या सौद्यात एका बाजूला उपासमारीचे भय आहे तो सौदा रास्तपणाचे माप होऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याऐवजी सुसंस्कृत समाजात राहणाऱ्या माणसाच्या, म्हणजे पत्नी व मुले असलेल्या सामान्य कामगाराच्या, नेहमीच्या गरजा कोणत्या हे त्यांनी पाहिले. भाडे, अन्न, सरपण ह्यांचा हिशेब साक्षींतून घेतला. घर चालविणाऱ्या स्त्रियांच्याही साक्षी झाल्या. निष्कर्ष असा की अकुशल कामगारास दिवसाला सात शिलिंगांपेक्षा कमी देणे रास्त नव्हे. मॅके सहा शिलिंग देत होते. सूट नाकारली गेली.

येथपर्यंतची कथा सर्व पाठ्यपुस्तकांत आढळते. जे बहुधा सांगितले जात नाही ते असे की, ह्या निवाड्याची अंमलबजावणी त्या कारखान्याविरुद्ध कधीच झाली नाही. मॅके ह्यांनी कर भरला नाही. प्रकरण हायकोर्टाकडे गेले. आणि १९०८ साली तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो करविषयक कायदाच घटनाबाह्य ठरला. हिगिन्स हे त्या पीठावर होते व अल्पमतात होते. म्हणजे ज्या निवाड्याने देशाच्या वेतनविचाराला पुढील सहा दशके वळण दिले, त्या निवाड्याने सनशाइनच्या एकाही कामगाराच्या खिशात एक पेनीही टाकली नाही. मात्र तेच सात शिलिंग लवाद न्यायालयाने आपल्या पुढील निवाड्यांत पायाभूत धरले आणि हळूहळू ते 'मूळ वेतन' होऊन बसले. निवाड्याचे सामर्थ्य आणि अंमलाचे सामर्थ्य ह्या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण प्रस्तुत लेखकास दुसरे माहीत नाही.

हार्वेस्टरच्या मापात एक दोषही प्रथमपासून होता. गरजा मोजल्या त्या कुटुंबप्रमुख पुरुषाच्या; मग स्त्री-कामगाराचे काय? १९१२ साली फळे तोडणाऱ्यांच्या प्रकरणात हिगिन्स ह्यांनीच ह्याचे उत्तर दिले. फळे तोडण्याचे काम पुरुषांचेही आहे, तेथे स्त्रियांस स्वस्त ठेवले तर पुरुषांची कामे जातील, म्हणून तेथे वेतन समान असावे. फळे बांधण्याचे काम 'स्त्रियांचे' म्हणून तेथे कमी वेतन चालेल. १९१९ साली कपडे शिवण्याच्या धंद्यात स्त्रियांचे वेतन पुरुषांच्या वेतनाच्या निम्म्याहून थोडे अधिक ठरले. दुसऱ्या महायुद्धात पुरुषांच्या जागी आलेल्या काही स्त्रियांस पुष्कळ वरचे दर मिळाले. १९५० साली मूळ वेतनाचे प्रमाण पाऊणपट झाले. 'समान कामास समान वेतन' हे तत्त्व १९६९ मध्ये आणि 'समान मोलाच्या कामास समान वेतन' हे १९७२ मध्ये मान्य झाले. फळबागेतल्या त्या भेदास साठ वर्षे लागली, आणि तो उत्पन्न केला होता तो कामगारांचा कैवारी म्हणून गौरविलेल्या न्यायाधीशाने.

हार्वेस्टरचा प्रतिध्वनी भारतापर्यंत आला, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. १९४८ साली भारत सरकारने नेमलेल्या वाजवी वेतन समितीने किमान वेतन, वाजवी वेतन व निर्वाह-वेतन असे तीन थर कल्पिले, तेव्हा सर्वांत वरच्या थराच्या चर्चेत ऑस्ट्रेलियन कल्पनेचा आधार होता. आणि १९५८ साली एक्सप्रेस न्यूजपेपर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्याच परंपरेचा विस्तृत परामर्श घेतला. तत्त्व आले, परंतु संस्थेची घडण आली नाही. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत संघटना स्वतःच्या पायांनी न्यायासनापुढे जाऊ शकत होती. आपल्या १९४७ च्या औद्योगिक तंटे अधिनियमात सामान्यतः सरकारने तंटा निर्देशिल्यावाचून न्यायाधिकरणाचे दार उघडत नसे. मुंबई प्रांताचा १९४६ चा औद्योगिक संबंध अधिनियम ह्या बाबतीत किंचित निराळ्या वाटेने गेला. त्यात प्रातिनिधिक संघटनेस औद्योगिक न्यायालयाकडे थेट जाण्याचा मार्ग उपलब्ध झाला. ही तुलना स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे तिचा केवळ निर्देश पुरे.

आता अंमलाकडे वळू. १९०४ च्या न्यायालयास निवाडा देण्याचा व निवाडा मोडणाऱ्यास दंड करण्याचा असे दोन्ही अधिकार दिलेले होते. १९१८ साली अलेक्झांडर खटल्यात हायकोर्टाने असे ठरविले की दंड करणे हे न्यायिक सत्तेचे काम आहे, ते आजन्म नियुक्त झालेल्या न्यायाधीशांनीच करावे. लवाद न्यायालयाच्या अध्यक्षाची नेमणूक सात वर्षांची असल्यामुळे ते न्यायालय नव्हेच. एका रात्रीत ही संस्था निवाडे देणारी परंतु ते बजावू न शकणारी झाली. वसुलीसाठी संघटनांना सामान्य दंडाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत जावे लागू लागले. १९२६ साली ब्रूस सरकारने अध्यक्षांऐवजी आजन्म न्यायाधीश नेमून हा दोष दूर केला, आणि त्याचबरोबर दंडाच्या तरतुदी अधिक कडक केल्या. येथून पुढे अंमलाचे शस्त्र बोथट राहिले नाही. प्रश्न एवढाच उरला की ते कोणावर चालावयाचे.

१९२८ व १९२९ ह्या दोन वर्षांनी त्याचे उत्तर दिले. १९२८ साली गोदी कामगारांच्या महासंघास एक हजार पौंड दंड झाला. १९२९ च्या आरंभी लाकूडकाम करणाऱ्यांच्या संपास चिथावणी दिली म्हणून मेलबर्न कामगार भवनाचे चिटणीस होलोवे ह्यांस दंड झाला. त्याच सुमारास न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील कोळसा-खाणमालकांनी वेतनकपात मान्य होईपर्यंत खाणी बंद ठेवल्या. ही उघड टाळेबंदी होती, आणि टाळेबंदीही कायद्याने संपाइतकीच निषिद्ध होती. जॉन ब्राउन नामक बड्या खाणमालकावर खटला भरण्यात आला. पण वाटाघाटींचा मार्ग मोकळा राहावा ह्या कारणास्तव सरकारने तो काढून घेतला. कामगार-पुढाऱ्याचा दंड कायम, मालकाचा खटला मागे, हे जनतेने पाहिले.

त्यानंतर ब्रूस ह्यांनी जे केले ते आजही राजकीय इतिहासकारांस बुचकळ्यात टाकते. केंद्राची लवादसत्ता वाढविण्यासाठी १९२६ साली त्यांनीच सार्वमत घेतले होते व ते हरले होते. १९२९ मध्ये त्यांनी उलट टोक गाठले : सागरी व्यवसायांखेरीज केंद्रीय लवाद समूळ बंद करून तो राज्यांकडे सोपविण्याचे विधेयक आणले. त्यांच्याच पक्षातील बंडखोर, माजी पंतप्रधान ह्यूज ह्यांनी समिती-अवस्थेत दुरुस्ती मांडली, ती एका मताने संमत झाली, आणि सरकारने निवडणूक मागितली. ऑक्टोबर १९२९ च्या त्या निवडणुकीत सरकार तर गेलेच, परंतु पंतप्रधानांची स्वतःची फ्लिंडर्सची जागाही गेली. त्यांस पाडणारा उमेदवार म्हणजे काही महिन्यांपूर्वी दंड झालेले तेच होलोवे! इतका नाट्यपूर्ण योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्यास नावे ठेविली असती.

ह्यावरून लवाद न्यायालय लोकांस प्रिय होते असे म्हणता येईल. परंतु ते कामगारांचे होते असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात, मजूर पक्षाचे सरकार सत्तेवर असताना व त्या सरकारचा विरोध असताना, ह्याच न्यायालयाने मूळ वेतनात दहा टक्के कपात केली. गरजांवर आधारलेले वेतन उद्योगाच्या ऐपतीपुढे नमले, ते नमले ते हार्वेस्टरच्याच वारसांच्या हातून.

१९५६ साली निवाडा व अंमल ह्यांची फारकत दुसऱ्यांदा, आणि ह्या वेळी कायमची झाली. धातुउद्योगातील निवाड्यासंबंधीच्या तंट्यात लवाद न्यायालयाने बॉयलर बनविणाऱ्यांच्या संघटनेस आदेश दिला व तो मोडल्यावरून अवमानाचा दंड केला. संघटनेने आव्हान दिले ते असे : जी संस्था मूलतः लवाद करते तिला न्यायिक सत्ता देताच येत नाही. सरन्यायाधीश डिक्सन ह्यांच्या नेतृत्वाखाली हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी हे म्हणणे मान्य केले. पुढील वर्षी प्रिव्ही कौन्सिलनेही ते उचलून धरले. जवळजवळ तीस वर्षे सर्वांनी वैध मानलेली व्यवस्था एका सकाळी अवैध ठरली. संसदेने लगेच संस्थेचे दोन भाग केले : निवाड्यासाठी समेट व लवाद आयोग, आणि अंमलासाठी कॉमनवेल्थ औद्योगिक न्यायालय. सत्ताविभाजनाच्या सिद्धान्ताचा हा विजय म्हणून कायदेपंडित ह्याचे कौतुक करतात. व्यवहारात काय घडले? निवाडा देणाऱ्याला तंट्याची पार्श्वभूमी, दोन्ही पक्षांची नडलेली बाजू, केव्हा ताणावे व केव्हा सोडावे ह्याची जाण असे. नव्या औद्योगिक न्यायालयापुढे फक्त एक प्रश्न येई : आदेश मोडला की नाही? मोडला असेल तर दंड. हे यंत्र मालकांच्या फारच सोयीचे ठरले, आणि साठच्या दशकात संघटनांवरील दंडांचा ढीग वाढत गेला.

त्या दोन संस्थांचे स्वभाव दोन प्रकरणांत स्पष्ट दिसतात, आणि दोन्हींत एकच व्यक्ती दोन निरनिराळ्या भूमिकांत उभी आहे. पहिले प्रकरण आयोगाचे. उत्तर प्रदेशातील, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील, गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर आदिवासी गुराखी काम करीत. गोऱ्या गुराख्यांना लागू असलेल्या निवाड्यातून त्यांस वगळलेले होते. १९६५ साली संघटनेने हे वगळणे रद्द करावे असा अर्ज केला. कुरणमालकांचे वकील होते जॉन केर. सुनावणीत एकाही आदिवासीची साक्ष झाली नाही. मार्च १९६६ मध्ये आयोगाने तत्त्व मान्य केले. वंशाच्या आधारे वगळणे समर्थनीय नाही असे म्हटले. आणि अंमल १ डिसेंबर १९६८ पर्यंत पुढे ढकलला, कारण मालकांस जुळवून घेण्यास अवधी हवा. ज्यांचे वेतन ठरावयाचे त्यांस न विचारता त्यांस आणखी पावणेतीन वर्षे थांबावयास सांगण्यात आले. ते थांबले नाहीत. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी ह्यांच्या नेतृत्वाखाली वेव्ह हिल कुरणावरील गुरिंजी लोक काम सोडून बाहेर पडले, आणि वेतनाची मागणी बघता बघता जमिनीची मागणी झाली. ऑगस्ट १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलॅम ह्यांनी लिंगियारी ह्यांच्या ओंजळीत तेथील माती घातली. तिकडे समान वेतनाचा निवाडा लागू होताच अनेक मालकांनी आदिवासी कुटुंबांस कुरणांवरून हुसकावले. निवाडा पूर्णपणे न्याय्य होता. पण त्याच्या परिणामांची जबाबदारी घेणारी कोणतीही संस्था अस्तित्वात नव्हती.

दुसरे प्रकरण औद्योगिक न्यायालयाचे. व्हिक्टोरियातील ट्राम कामगारांच्या संघटनेचे चिटणीस क्लॅरी ओशे ह्यांनी संघटनेवर साचलेले सुमारे ८,१०० डॉलरचे दंड भरण्यास व हिशेबाची वहीखाती दाखविण्यास नकार दिला. १५ मे १९६९ रोजी न्यायमूर्ती जॉन केर ह्यांनी, होय, त्याच केर ह्यांनी, अवमानाबद्दल त्यांची तुरुंगात रवानगी केली. दुसऱ्याच दिवसापासून देशभर संप पसरला. लक्षावधी कामगार बाहेर पडले. ट्राम, गाड्या, गोद्या थंडावल्या. सहाव्या दिवशी कोणा एका गृहस्थाने, लॉटरीत पैसे मिळाले आहेत असे सांगून, दंड परस्पर भरला व ओशे सुटले. सरकारास हा सुटकेचा मार्ग किती हवाहवासा होता हे सांगावयास नको. कायदा पुस्तकात राहिला, परंतु संघटनांविरुद्धचे ते दंडसत्र त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखे चालले नाही. विधिमंडळाने रद्द न करता एखादे कलम रस्त्यावर मृत होते, त्याचा हा दाखला.

त्यापुढील कालखंडावर येथे फारसे रेंगाळण्याचे कारण नाही. १९७७ साली फ्रेझर सरकारने औद्योगिक संबंधांच्या देखरेखीसाठी स्वतंत्र कार्यालय काढले, ते १९८३ नंतर मजूर सरकारने मोडले. १९८८ च्या अधिनियमाने आयोगाचे नाव पालटले. १९९६ च्या अधिनियमाने निवाड्यांचा व्याप आकुंचित करून व्यक्तिगत करारांस वाव दिला. २००५ साली हॉवर्ड सरकारने मोठी उडी घेतली. लवादाचे जुने उपकलम बाजूस ठेवून, कंपन्यांसंबंधी कायदे करण्याच्या सत्तेवर नवी व्यवस्था उभारली, आणि वेतननिश्चितीचे काम आयोगाकडून काढून दुसऱ्या मंडळाकडे दिले. नोव्हेंबर २००६ मध्ये हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरविले. कागदी तंट्यांचे युग अशा रीतीने संपले. नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकीत सरकार पराभूत झाले आणि हॉवर्ड ह्यांनी बेनेलाँगची आपली जागा गमावली. ब्रूस ह्यांच्यानंतर असे घडलेले ते दुसरेच पंतप्रधान. निवडणुकांच्या निकालास एकच कारण असते असे मानणारा इतिहासकार भाबडा म्हणावा लागेल. तरी दोन्ही वेळी लवादव्यवस्थेला हात घातला गेला होता, हे विसरता येत नाही.

२००९ च्या फेअर वर्क अधिनियमाने आजची रचना घातली. निवाड्याचे काम एका आयोगाकडे आहे; तो २००९ साली स्थापन झाला व १ जानेवारी २०१३ पासून फेअर वर्क कमिशन ह्या नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय किमान वेतन तो दरवर्षी ठरवितो. १ जुलै २०२५ पासून ते ताशी २४.९५ डॉलर झाले. अंमलाचे काम फेअर वर्क ओम्बुड्समन ह्या निराळ्या यंत्रणेकडे, आणि दंड करण्याची सत्ता न्यायालयांकडे. निवाडा, तपास, दंड : एका हाताचे तीन हात झाले.

ह्या रचनेत एक बदल असा आहे की जो नावांच्या गर्दीत हरवतो. पूर्वी निवाड्याचा खरा पहारेकरी सरकारी निरीक्षक नव्हताच. तो संघटनेचा कार्यकर्ता होता. कामाच्या जागी जाऊन वेतनाची वही पाहणे, थकबाकीचा दावा लावणे हे संघटनाच करीत. संघटित कामगारांची संख्या घटली तसा हा पहारा विरळ झाला आणि सारा भार सरकारी यंत्रणेवर आला. पण सरकारी निरीक्षक तक्रारीवाचून फारसे काही करू शकत नाही, आणि ज्यास सर्वांत अधिक लुबाडले जाते तोच तक्रार करण्यास सर्वांत अधिक भितो. २०१५ साली एका मोठ्या किरकोळ दुकानसाखळीतील प्रकार उघडकीस आला तेव्हा हे सर्वांस कळले. रात्रपाळीत गल्ल्यावर उभे राहणारे पुष्कळसे परदेशी विद्यार्थी होते, त्यांत भारतीयही होते. त्या वेळी विद्यार्थी-परवान्यावर सत्रकाळात पंधरवड्यास चाळीस तासांची मर्यादा होती. मालक त्याहून अधिक तास राबवून घेई, वहीत निम्मेच तास दाखवी. त्यामुळे कागदावर दर बरोबर दिसे, आणि विद्यार्थ्याने तक्रार करावी तर मर्यादा मोडल्याबद्दल त्याचाच परवाना धोक्यात येई. निवाडा त्याच्या बाजूचा होता. कायदाही त्याच्या बाजूचा होता. फक्त त्या कायद्यापर्यंत जाणारी वाट दुसऱ्या एका कायद्याने अडविली होती.

२०१७ साली ह्यावर उपाय म्हणून दोन तरतुदी झाल्या. दुकानांस आपले नाव वापरू देणाऱ्या मूळ कंपनीसही विशिष्ट परिस्थितीत जबाबदार धरण्यात आले. आणि ज्या मालकाने वेतनाच्या नोंदी ठेविल्या नाहीत त्याच्याविरुद्ध दावा आल्यास, वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकण्यात आला. दुसरी तरतूद वरकरणी किरकोळ भासते. परंतु गेल्या शतकाच्या अनुभवाने पाहता तीच अधिक मोलाची आहे, कारण तिने अंमलाचा भार प्रथमच दुर्बल पक्षाच्या खांद्यावरून उतरविला. १ जानेवारी २०२५ पासून हेतुपुरस्सर वेतन बुडविणे हा संघीय फौजदारी गुन्हा ठरला असून व्यक्तीस कमाल दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. १९६९ मध्ये ह्या व्यवस्थेने ज्यास तुरुंगात धाडले तो संघटनेचा चिटणीस होता. नव्या कलमाखाली तुरुंगाचे दार मालकासाठी उघडे ठेवलेले आहे. त्यातून प्रत्यक्ष कोण आत जाईल हे मात्र ज्याच्या हिशेबाच्या वहीत निम्मेच तास लिहिलेले आहेत तो रात्रपाळीचा नोकर ती वही निरीक्षकापुढे ठेवण्याचे धैर्य करतो की नाही, ह्यावर अवलंबून राहील.